ब्रिटिशांच्या कैदेत असलेल्या गांधीजींचं ऑपरेशन पुण्याच्या ससूनमध्ये कंदिलाच्या उजेडात झालं होतं

तारीख १२ जानेवारी १९२४. शनिवारची रात्र.

पुणे स्टेशनजवळच्या ससून हॉस्पिटलमध्ये ऑपरेशनच्या टेबलावर ५४ वर्षांचा एक कैदी झोपवलेला होता. बाहेर वादळी पाऊस सुरू होता. ऑपरेशन अर्ध्यात आलं आणि लाईट गेली. नर्सच्या हातातला टॉर्च होता, पण थोड्या वेळाने तोही बंद पडला. शेवटी कंदील आणला गेला आणि त्याच्या उजेडात सर्जनने उरलेलं ऑपरेशन पूर्ण केलं.

सर्जन इंग्रज होता आणि टेबलावरचा कैदी होता मोहनदास करमचंद गांधी.

हा किस्सा आपल्यापैकी बऱ्याच जणांनी फॉरवर्डमध्ये कधी ना कधी वाचला असेल. पण त्या फॉरवर्डमध्ये कंदिलाच्या पुढची गोष्ट सहसा नसते. ज्या माणसाने हॉस्पिटल ही चीजच नको असं पुस्तकात लिहून ठेवलं होतं, तो त्या रात्री टेबलावर झोपायला तयार का झाला? त्याने आधी एका कागदावर सही केली होती, त्यात काय होतं? आणि बरं झाल्यावर त्याला स्वतःच्या या निर्णयाबद्दल काय वाटलं?

हे समजून घ्यायचं असेल तर सुरुवात राजकोटपासून करावी लागते.

वडिलांचं ऑपरेशन झालंच नाही

गांधीजींचे वडील करमचंद गांधी, म्हणजे कबा गांधी, काठियावाडातल्या संस्थानांचे दिवाण होते. उतारवयात त्यांना भगंदराचा त्रास सुरू झाला. वैद्यांचे लेप झाले, हकिमांचे उपाय झाले, घरगुती औषधं झाली, पण गुण येईना. एका इंग्रज सर्जनने ऑपरेशन करायला सांगितलं. मात्र घरच्या वैद्यांना ते पटलं नाही. या वयात चिरफाड झेपणार नाही असं त्यांचं म्हणणं होतं. घरच्यांनी वैद्यांचं ऐकलं आणि ऑपरेशनचा विचार सोडून दिला.

मोहनदास तेव्हा शाळेत होते. शाळा सुटली की घरी येऊन वडिलांची जखम धुणं, मलमपट्टी करणं, औषध देणं, रात्री पाय चेपणं ही कामं त्यांच्याकडे असायची. ते सोळा वर्षांचे असताना वडील गेले.

पुढे अनेक वर्षांनी आत्मकथा लिहिताना गांधीजींनी याबद्दल लिहिलंय. वैद्यांनी तेव्हा ऑपरेशन होऊ दिलं असतं तर जखम भरून आली असती, असं त्यांना वाटत राहिलं. म्हणजे सर्जनच्या सुरीने माणूस वाचू शकतो, आणि ती वेळेवर मिळाली नाही तर काय होतं, हे त्यांनी स्वतःच्या घरात पाहिलं होतं.

गांधीजींना डॉक्टर व्हायचं होतं

हे अनेकांना माहिती नसतं. मॅट्रिकनंतर परदेशात शिकायला जायचा विषय निघाला, तेव्हा मोहनदास यांनी आधी डॉक्टरकीबद्दलच विचारलं होतं. पण मोठ्या भावाने वडिलांच्या मताची आठवण करून दिली. आपण वैष्णव, मुडदे फाडायचं काम आपल्याला शोभत नाही, असं वडिलांचं मत होतं. शिवाय दिवाणकी मिळवायची तर बॅरिस्टर होणंच बरं, असा सल्ला घरच्या जुन्या स्नेह्यांनी दिला. १८८८ मध्ये मोहनदास लंडनला गेले ते वकिली शिकायला.

डॉक्टरकी हुकली, पण सेवेची आवड गेली नाही. दक्षिण आफ्रिकेत वकिली चांगली चालत असतानाही डर्बनच्या एका छोट्या धर्मादाय दवाखान्यात ते रोज सकाळी एक-दोन तास जायचे. पेशंटला काय होतंय ते विचारून घ्यायचं, डॉक्टरांना सांगायचं आणि औषध बनवून द्यायचं. आपल्याकडे ज्याला कंपाउंडर म्हणतात तेच काम.

१८९९ मध्ये बोअर युद्ध सुरू झालं, तेव्हा त्यांनी सुमारे ११०० हिंदी लोकांचं रुग्णसेवा पथक उभं केलं. हे लोक जखमी सैनिकांना स्ट्रेचरवर घालून मैलोन् मैल चालत न्यायचे. १९०४ मध्ये जोहान्सबर्गमध्ये प्लेग पसरला, तेव्हाही गांधीजी रोग्यांच्या शेजारी होते.

थोडक्यात, आजारी माणसाजवळ बसायला हा माणूस कधीच कचरला नाही.

मग डॉक्टरांवर एवढा राग का?

१९०९ मध्ये लंडनहून दक्षिण आफ्रिकेला परतताना बोटीवर गांधीजींनी गुजरातीत 'हिंद स्वराज' लिहिलं. त्यात त्यांनी रेल्वेला झोडपलं, वकिलांना झोडपलं आणि डॉक्टरांनाही सोडलं नाही.

त्यांचा मुद्दा साधारण असा होता. माणूस जिभेवर ताबा न ठेवता खातो, त्याला अपचन होतं. तो डॉक्टरकडे जातो, गोळी घेतो, बरा होतो आणि पुन्हा तसंच खातो. गोळी नसती तर त्याने शिक्षा भोगली असती आणि पुढच्या वेळी तोंड आवरलं असतं. म्हणजे औषधाने शरीर सुधारलं, पण मन होतं त्याहून दुबळं झालं. त्यावरून हॉस्पिटलं ही पाप वाढवणारी ठिकाणं आहेत इथपर्यंत त्यांनी मजल मारली होती.

स्वतःच्या शरीरावर त्यांचे प्रयोग चालूच होते. पोटावर मातीची पट्टी, पाण्याचे उपचार, उपवास, फळांचा आहार. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात फिरताना त्यांना अतिसार झाला. एवढा जबर, की आपण आता जगत नाही असं त्यांना वाटलं. सुरुवातीला त्यांनी औषधालाही नकार दिला आणि इंजेक्शनलाही. दूध न पिण्याचं व्रत होतं, त्यामुळे अंगात ताकद भरेना.

शेवटी मुंबईत डॉ. दलाल यांनी त्यांना तपासलं. गुदद्वारात चिरा पडल्याने त्यांना भयंकर त्रास होत होता, त्यावर डॉ. दलाल यांनी छोटं ऑपरेशन केलं. दुधाची अडचण कस्तुरबांनी सोडवली. व्रत घेताना मनात गाय आणि म्हैस होती ना, मग शेळीचं दूध प्यायला काय हरकत आहे, असा तोडगा त्यांनी काढला. गांधीजींच्या आयुष्यात शेळी आली ती अशी.

हे डॉ. दलाल लक्षात ठेवा. काही वर्षांनंतर गांधीजी पुन्हा त्यांचंच नाव घेणार होते.

येरवड्यात पोट दुखायला लागलं

मार्च १९२२ मध्ये गांधीजींना साबरमतीला अटक झाली. 'यंग इंडिया'मधल्या लेखांवरून राजद्रोहाचा खटला भरला गेला. त्यांनी गुन्हा कबूल केला आणि १८ मार्चला अहमदाबादमध्ये न्यायाधीश ब्रूमफिल्ड यांनी त्यांना सहा वर्षांची शिक्षा सुनावली. त्यानंतर त्यांची रवानगी पुण्यात येरवडा तुरुंगात झाली.

तुरुंगात त्यांचा दिवस ठरलेला असायचा. सूत कातायचं, प्रार्थना करायची आणि वाचायचं. महाभारत वाचून झालं, गिबनने लिहिलेला रोमन साम्राज्याचा इतिहास वाचून झाला. १९२३ च्या शेवटी त्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या सत्याग्रहाचा इतिहास लिहायला घेतला. ते सांगायचे आणि सोबतचे कैदी इंदुलाल याज्ञिक लिहून घ्यायचे.

जानेवारी १९२४ मध्ये त्यांना ताप आला आणि पोटात कळा सुरू झाल्या. तपासणीत निदान झालं, अपेंडिक्स सुजलंय.

आज अपेंडिक्सचं ऑपरेशन म्हटलं की आपण फार घाबरत नाही. दुर्बिणीने होतं आणि दोन-तीन दिवसांत पेशंट घरी येतो. १९२४ चं चित्र वेगळं होतं. अपेंडिक्स ही मोठ्या आतड्याला चिकटलेली बोटाएवढी पिशवी. ती सुजून फुटली तर पू पोटभर पसरतो. आज तो आटोक्यात आणायला अँटिबायोटिक्स आहेत. तेव्हा ती नव्हती. पेनिसिलिनचा शोधच १९२८ मध्ये लागला आणि ते औषध म्हणून हातात यायला १९४० चं दशक उजाडलं.

हा आजार किती धास्तीचा होता याचं एक उदाहरण देतो. १९०२ मध्ये इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याचा राज्याभिषेक २६ जूनला ठरला होता. देशोदेशीचे पाहुणे लंडनमध्ये येऊन थांबले होते. दोनच दिवस आधी अपेंडिक्सच्या दुखण्यामुळे राजाचं तातडीने ऑपरेशन करावं लागलं आणि राज्याभिषेक ऑगस्टवर गेला. राजाची ही गत होती, तर कैद्याचं काय?

सरकारपुढचा पेच

१२ जानेवारीला गांधीजींना येरवड्यातून ससूनला हलवण्यात आलं. ससून म्हणजे डेव्हिड ससून या बगदादी ज्यू व्यापाऱ्याच्या देणगीतून १८६७ मध्ये उभं राहिलेलं हॉस्पिटल. तिथले सर्जन होते कर्नल मॅडॉक. त्यांनी तपासलं आणि थांबण्यात धोका आहे हे त्यांच्या लक्षात आलं.

आता जरा सरकारच्या बाजूने विचार करून बघा. देशातला सर्वात मोठा नेता तुमच्या तुरुंगात आहे. ऑपरेशन केलं नाही आणि तो दगावला, तर सरकारने मरू दिलं असं लोक म्हणणार. ऑपरेशन केलं आणि तो टेबलावर दगावला, तर इंग्रज डॉक्टरने मारलं असं म्हणणार. दोन्हीकडून देश पेटणार.

गांधीजींना त्यांच्या विश्वासातले डॉक्टर बोलवायची मुभा देण्यात आली. त्यांनी दोन नावं दिली. एक मुंबईचे डॉ. दलाल, दुसरे बडोद्याचे डॉ. जीवराज मेहता. हेच जीवराज मेहता पुढे गुजरात राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. पण ते वेळेत पुण्यात पोहोचणं जमेना. इकडे दुखणं वाढत होतं. शेवटी गांधीजींनी मॅडॉक यांनाच ऑपरेशन करायला सांगितलं.

पण त्याआधी एक काम उरकायचं होतं.

तो कागद

ऑपरेशनच्या आधी व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री यांना ससूनमध्ये बोलावून घेण्यात आलं. शास्त्री हे गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या नंतर भारत सेवक समाजाची धुरा सांभाळणारे नेते. गांधीजीही गोखल्यांना गुरू मानायचे. म्हणजे दोघं एका अर्थाने गुरुबंधू. पण राजकारणात दोघांचं जमत नव्हतं. शास्त्री मवाळ होते आणि गांधीजींचं असहकार आंदोलन त्यांना अजिबात मान्य नव्हतं.

अशा माणसाला बाजूला बसवून निवेदन तयार करण्यात आलं. त्यात तीन गोष्टी होत्या. सरकारने माझे डॉक्टर बोलवायची परवानगी दिली होती, पण ते वेळेत मिळू शकले नाहीत. कर्नल मॅडॉक आणि इथल्या सगळ्यांनी माझी नीट काळजी घेतली आहे. आणि माझा मॅडॉक यांच्यावर पूर्ण विश्वास आहे, त्यामुळे हे ऑपरेशन त्यांनीच करावं.

गांधीजींनी गुडघे वर घेतले, त्यावर कागद टेकवला आणि पेन्सिलने सही केली. अशक्तपणामुळे हात थरथरत होता. आपला हात कसा कापतोय यावर ते मॅडॉक यांच्याशी हसत बोलले.

देशासाठी काही निरोप द्यायचा आहे का, अशी विचारणा शास्त्रींनी केली. गांधीजींनी निरोप द्यायला नकार दिला. आपण कैदी आहोत आणि कैद्याने बाहेर निरोप पाठवायचे नसतात, हा नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला होता. तो त्यांनी तिथेही पाळला.

आज कुठलंही ऑपरेशन असलं की आपल्यापुढे फॉर्म येतो. आपण घाईघाईत न वाचताच सही करतो आणि हे हॉस्पिटलने स्वतःची कातडी वाचवायला केलंय असं मनात म्हणतो. गांधीजींनी तो कागद पेशंट म्हणून स्वतःच्या बाजूने वापरला. आपलं काही बरंवाईट झालं तर लोकांचा राग या डॉक्टरवर आणि इंग्रजांवर निघू नये, याची तजवीज त्यांनी करून ठेवली.

यामागे दोनच वर्षांपूर्वीची एक घटना होती. फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौऱ्यात जमावाने पोलीस चौकी पेटवली होती आणि आतले २२ पोलीस मारले गेले होते. त्यामुळे गांधीजींनी भर रंगात आलेलं आंदोलन मागे घेतलं होतं. आपल्या नावावर जमाव काय करू शकतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

रात्री दहाच्या सुमारास भूल देण्यात आली. पुढचं तुम्हाला माहितीच आहे. वादळ, टॉर्च आणि कंदील. ऑपरेशन पार पडलं आणि पेशंट वाचला.

सुटका झाली, पण ते खूश नव्हते

जखम भरायला वेळ लागत होता. आत पू झाला होता. तिकडे इंग्लंडमध्ये जानेवारीतच रॅम्से मॅकडोनाल्ड यांचं पहिलं मजूर पक्षाचं सरकार सत्तेवर आलं होतं आणि भारतभर गांधीजींच्या सुटकेची मागणी जोर धरत होती.

५ फेब्रुवारी १९२४ ला सकाळी मॅडॉक त्यांच्या खोलीत आले आणि त्यांनीच बातमी दिली. सरकारने बिनशर्त सोडलं होतं. सहा वर्षांच्या शिक्षेतली जेमतेम २२ महिने भोगून झाली होती.

कुठलाही कैदी अशा बातमीने हरखून गेला असता. गांधीजींनी मात्र लगेच लिहून कळवलं की आजारपणामुळे मिळालेल्या सुटकेचा त्यांना आनंद नाही. सत्याग्रहीची सुटका देशाच्या ताकदीने व्हायला हवी, त्याच्या पोटदुखीने नाही, असा त्यांचा हिशोब होता.

सुटका झाली तरी ते मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत ससूनमध्येच होते. तिथून हवापालटासाठी जुहूच्या समुद्रकिनारी गेले. मोतीलाल नेहरू आणि चित्तरंजन दास यांच्याशी कौन्सिल प्रवेशाच्या वादावर बोलणी झाली ती तिथेच.

गांधीजींची आत्मकथा १९२० च्या आसपास येऊन थांबते, त्यामुळे ससूनची ही गोष्ट 'सत्याचे प्रयोग'मध्ये सापडत नाही. पण लोकांनी त्यांना प्रश्न विचारलेच. हॉस्पिटलांना नावं ठेवता आणि स्वतःवर वेळ आली की ऑपरेशन करून घेता, हे कसं?

गांधीजींनी सारवासारव केली नाही. तो आपला कमकुवतपणाच होता असं त्यांनी लिहून कबूल केलं. मोह पूर्ण सुटला असता तर जे व्हायचं ते होऊ दिलं असतं. पण या देहात जगायची इच्छा शिल्लक होती, म्हणून ऑपरेशन करून घेतलं. कबुली एवढी सरळ होती.

आणि कस्तुरबांचं काय?

गांधीजींच्या ऑपरेशनची गोष्ट निघाली की सोशल मीडियावर हा प्रश्न येतोच, आणि तो टाळून चालणार नाही.

ससूननंतर बरोबर २० वर्षांनी, फेब्रुवारी १९४४ मध्ये, पुण्यातच आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा शेवटच्या आजारात होत्या. दोघंही कैदेत होते. कस्तुरबांना हृदयविकाराचे झटके येऊन गेले होते, त्यात न्यूमोनिया झाला. पेनिसिलिन तेव्हा नवीन होतं आणि सहज मिळत नव्हतं. ते कलकत्त्याहून मागवलं गेलं. मुलगा देवदास यांची ते द्यायची खूप इच्छा होती. पण ते दर काही तासांनी इंजेक्शनने द्यावं लागेल हे कळल्यावर गांधीजींनी मुलाला समजावलं आणि थांबवलं. डॉक्टरांनीही तोवर आशा जवळपास सोडलेली होती. २२ फेब्रुवारीला कस्तुरबा गेल्या.

कोणी म्हणतं की तिला शेवटच्या घडीला सुयांचा त्रास नको म्हणून त्यांनी नकार दिला. कोणी म्हणतं की स्वतःसाठी एक न्याय आणि बायकोसाठी दुसरा. पेनिसिलिनने त्या वाचल्या असत्या का, याचं उत्तर आज कोणीच देऊ शकत नाही. पण एक फरक नजरेआड करता येत नाही. ससूनमध्ये शरीर त्यांचं होतं आणि निर्णयही त्यांचाच होता. आगाखान पॅलेसमध्ये शरीर कस्तुरबांचं होतं.

वडिलांच्या वेळी निर्णय घरच्या वैद्यांनी घेतला, स्वतःच्या वेळी गांधीजींनी घेतला आणि कस्तुरबांच्या वेळी पुन्हा शब्द गांधीजींचाच चालला. या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यातल्या आहेत. त्याला देव करायचं असेल तर तिसरी लपवावी लागते, आणि ढोंगी ठरवायचं असेल तर दुसरीतला तो कागद लपवावा लागतो.

ससूनमधली ती खोली आजही स्मारक म्हणून जपून ठेवली आहे. आसपास रोज शेकडो पेशंट आणि त्यांचे नातेवाईक असतात. कोणाच्या हातात केसपेपर, कोणाच्या हातात डबा, तर कोणी डॉक्टरांची वाट बघत भिंतीला टेकलेला. त्यातले काही जण त्याच दिवशी थरथरत्या हाताने एखाद्या कागदावर सही करत असतील. शंभर वर्षांपूर्वी तिथेच एका कैद्याने पेन्सिलने अशी सही केली होती, आणि ती करताना त्याला जिवाइतकीच काळजी होती ती आपल्यावर सुरी चालवणाऱ्या डॉक्टरची.